‘पत्र नाही? असू दे, तू नीघ’

या वेळी ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ पुन्हा वाचायला घेतले तेव्हा हातात पेन्सिल ठेवली होती आणि समासात फक्त वार आणि वेळ लिहीत जायचे, एवढेच ठरवले होते. रविवार, सकाळी नऊ. रविवार, रात्र. सोमवार, पहाट. सोमवार, दुपारी बारा. पाने उलटत गेली तशी ही टिपणे दाट होत गेली. एका पोरसवदा मुलाचे भलत्याच मुलीसाठी झुरणे, मग नव्या मुलीची भेट, लग्न, दोन खून, हद्दपारी, त्याच मुलीचे दुसरे लग्न ठरणे, ते एक दिवस अलीकडे ओढले जाणे, खोटा मृत्यू, आणखी एक खून आणि मग दोन खरे मृत्यू, एवढे सगळे घडूनही शेवटच्या पानावर मी आठवडा ओलांडलेला नव्हता. रविवारी सकाळी सुरू झालेला मामला चार-पाच दिवसांत थडग्यापाशी येऊन संपतो.

ही घाई मूळ कथेत नव्हती. गुपचूप लग्न, गुंगीचे औषध आणि वाटेत चुकलेला निरोप ही कथा शेक्सपिअरच्या आधी शंभरएक वर्षे इटलीत फिरत होती. १४७६ साली छापलेल्या मासुच्चो सालेर्नितानोच्या कथासंग्रहात ती सिएना शहरात घडते. पुढे सोळाव्या शतकात लुईजी दा पोर्तोने ती व्हेरोनात नेली आणि प्रेमिकांना आज आपल्याला ठाऊक असलेली नावे दिली. मग बांदेल्लो, मग फ्रेंच रूपांतर, आणि १५६२ मध्ये आर्थर ब्रुकची लांबलचक इंग्रजी कविता. शेक्सपिअरने मुख्यतः हीच कविता समोर ठेवली. ब्रुककडे हा सारा प्रकार सुमारे नऊ महिने चालतो. नाताळच्या दिवसांत ओळख होते, लग्नानंतर महिना-दोन महिने चोरून का होईना पण सुखात जातात आणि ईस्टरच्या सुमारास खून होऊन सगळे बिनसते. त्याची ज्युलिएट सोळा वर्षांची आहे. शेक्सपिअरने महिन्यांचे दिवस केले आणि ज्युलिएटला चौदा पूर्ण व्हायला पंधरवड्याहून थोडे अधिक दिवस बाकी ठेवले.

ब्रुकने प्रस्तावनेतच वाचकाला बजावले होते की ही हकिकत आईबापांचा आणि वडीलधाऱ्यांचा सल्ला धुडकावून वासनेच्या मागे लागलेल्या दोन अभागी जिवांची आहे. प्रत्यक्ष कवितेत मात्र त्याला त्यांचा कळवळा आवरत नाही, हा भाग वेगळा. पण प्रस्तावनेतले ते मत टिकून राहिले. पोरांनी घाई केली आणि जीव गमावले, असे आजही कोणीही सहज म्हणून जातो. कॉलेजात असताना मीही परीक्षेच्या उत्तरात तेच लिहिले होते आणि त्याला बरे गुणही मिळाले होते. पेन्सिल घेऊन वाचताना ते उत्तर टिकेना. घाई तर पानोपानी आहे, पण ती कोणाची आहे आणि ती नेमकी कशी दिसते, हे मी तेव्हा पाहिलेच नव्हते. या नाटकातली माणसे धावतात म्हणून मरत नाहीत. त्यांच्यातला कोणीतरी प्रश्न विचारतो आणि उत्तर येईपर्यंत थांबत नाही, किंवा समोरच्याला प्रश्न विचारूच देत नाही, आणि दर वेळी तिथेच पाय घसरतो.

उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग ही म्हण रोमिओला लागू पडते, हे कबूल करूनच पुढे जायला हवे. रविवारी सकाळी तो रोझलीनसाठी उसासे टाकत असतो, आणि त्याच्या घराण्याशी वैर असलेल्या कॅप्युलेटांच्या, म्हणजे ज्युलिएटच्या घरच्या, मेजवानीला जातो तोही ती दिसेल म्हणूनच. त्या मेजवानीची बातमी त्याला कळते तीही योगायोगाने, कारण निमंत्रितांची यादी घेऊन निघालेल्या नोकराला वाचता येत नसते आणि रस्त्यात भेटलेल्या रोमिओकडून तो ती वाचून घेतो. रात्री ज्युलिएट दिसते आणि रोझलीन पुसली जाते. दुसऱ्या दिवशी पहाटे तो फ्रायर लॉरेन्सकडे लग्न लावून मागायला हजर होतो, तेव्हा तो म्हातारा साधूही चक्रावतो.

ज्युलिएटचे मात्र तसे नाही. सज्जातल्या त्या प्रसिद्ध प्रवेशात लोक चंद्र आणि गुलाब लक्षात ठेवतात. मला या खेपेस तिचा हिशेबीपणा दिसला. रोमिओ शपथा घेऊ लागतो तेव्हा ती त्याला अडवते. आजच्या रात्रीच्या या आणाभाकांत मला आनंद वाटत नाही, हे फार अविचाराचे, फार अचानक आहे, वीज चमकली म्हणेपर्यंत विझून जावी तसे आहे, असे ती स्वच्छ सांगते. त्यानंतर थोड्याच वेळात लग्नाचा विषय काढते तीही तीच, हे खरे; पण कसा काढते ते पाहण्यासारखे आहे. तुझा हेतू लग्नाचा असेल तर उद्या माझ्या माणसाकरवी निरोप पाठव, आणि नसेल तर हे इथेच थांबव. म्हणजे तिने प्रश्न विचारला, त्याच्या दोन्ही उत्तरांची तजवीज केली, आणि मग ती उत्तराची वाट पाहत बसली. सोमवारी सकाळी नऊला धाडलेली दाई अर्ध्या तासात येते म्हणून गेलेली असते ती बारा वाजून गेले तरी परतत नाही. ज्युलिएट तडफडते, दाईच्या म्हाताऱ्या हाडांना नावे ठेवते, पण घर सोडून पळत सुटत नाही.

आता तो फ्रायर. सावकाश आणि शहाणपणाने, जे पळतात ते ठेचकाळतात, हे या नाटकातले सर्वांत जास्त सांगितले जाणारे वाक्य त्याचे आहे. ते तो कधी म्हणतो हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. त्याच दिवशी लग्न लावून द्यायला होकार भरल्यानंतर, दाराकडे जाता जाता तो हे वाक्य म्हणतो. दुपारी ज्युलिएट येण्याआधी तो पुन्हा मापात प्रेम करण्याचा उपदेश करतो आणि ती आल्यावर थोड्याच ओळींत म्हणतो, चला, पटकन उरकून टाकू. उपदेश सावकाशीचा आणि काम झटपट, असा हा माणूस आहे. त्याचा हेतू चांगला होता यात शंका नाही. या सोयरिकीने दोन घराण्यांचे वैर मिटेल अशी त्याला आशा होती. पण ज्या सोयरिकीने वैर मिटायचे ती दोन्ही घरांना कळवायची कधी, कोणी, कोणत्या शब्दांत, याचा त्याने क्षणभरही विचार केलेला दिसत नाही. पोरांच्या उतावळेपणाला वय तरी होते. याच्याकडे वयही नव्हते आणि घराबाहेर ते गुपित ज्याला ठाऊक होते असा मोठा माणूसही तोच एकटा होता. म्हणून या सगळ्या घाईत मला सर्वांत जास्त राग त्याच्या घाईचा येतो.

सोमवार दुपारच्या चकमकीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. ऊन कडक आहे, कॅप्युलेट रस्त्यावर आहेत, आपण घरी जाऊ, असे रोमिओचा चुलतभाऊ बेन्व्होलिओ त्यांचा मित्र मर्क्युशिओला सांगत असतो आणि मर्क्युशिओ ऐकत नाही. ज्युलिएटचा मामेभाऊ टिबाल्ट येतो, तासाभरापूर्वीच त्याचा नातलग झालेला रोमिओ लढायला नकार देतो, पण का ते सांगू शकत नाही, तो भेकडपणा समजून मर्क्युशिओ तलवार उपसतो, रोमिओ मध्ये पडतो आणि त्याच्याच हाताखालून टिबाल्टचा वार मर्क्युशिओला लागतो. त्यानंतर रोमिओ टिबाल्टला मारतो आणि मी नियतीच्या हातचे खेळणे झालो, असे म्हणतो. मला ते पटत नाही. नियतीने मर्क्युशिओला मारले असेल एक वेळ, टिबाल्टला त्याने स्वतः मारले. एक मात्र खरे, की त्याच्या तोंडात त्या क्षणी जे वाक्य अडकले होते ते फ्रायरने अडकवलेले होते.

माझ्या मते नाटकाचा खरा कणा इथून पुढच्या दीड दिवसात आहे, आणि तो मोडतो तो रोमिओच्या हातून नाही. तो मोडतो ज्युलिएटच्या बापाच्या हातून.

कॅप्युलेट पहिल्यांदा भेटतो तेव्हा मोठा समंजस गृहस्थ वाटतो. पॅरिस नावाचा उमराव ज्युलिएटला मागणी घालतो तेव्हा तो म्हणतो, अजून दोन उन्हाळे जाऊ देत. तिच्याहून लहान मुली आया झाल्या आहेत, असे पॅरिस सुचवतो, तर हा उत्तर देतो की इतक्या लवकर आई झालेल्या मुलींची लवकरच माती होते. वर असेही म्हणतो की आधी तिचे मन जिंक, तिच्या होकारापुढे माझी इच्छा हा केवळ एक भाग आहे. हे रविवारी. सोमवारी रात्री उशिरा, टिबाल्टच्या मरणाने घर सुन्न झालेले असताना, पॅरिस निरोप घेऊन निघालेला असतो आणि कॅप्युलेट त्याला अचानक थांबवून मुलीच्या वतीने शब्द देऊन टाकतो. ती माझ्या शब्दाबाहेर जाणार नाही असे मला वाटते, म्हणतो, आणि लगेच दुरुस्त करतो, वाटते कसले, मला शंकाच नाही. मग विचारतो, आज वार कोणता? सोमवार. बुधवार फारच लवकर होईल, गुरुवार धरू.

हा प्रवेश जेमतेम पस्तीस ओळींचा आहे. संपूर्ण नाटकात याहून भयंकर प्रवेश मला दिसत नाही, आणि त्यात कोणी साधा आवाजही चढवत नाही. वार कोणता हे त्या बापाने विचारले आणि उत्तराची वाट पाहिली. मुलीला विचारले नाही, कारण वरच्या मजल्यावर ती झोपली असेल आणि एवढ्या रात्री तिला कशाला उठवायचे, असे त्याला वाटले असावे. प्रत्यक्षात त्या वेळी तिच्या खोलीत तिचा नवरा होता.

सकाळी आई येऊन ही बातमी देते. ज्युलिएट नकार देते, बाप भडकतो, आणि मग ती गुडघे टेकून एक वाक्य बोलू देण्याची विनवणी करते, फक्त एक शब्द धीराने ऐकून घ्या. त्यावर तो म्हणतो, बोलू नकोस, उलटून बोलू नकोस, मला उत्तर देऊ नकोस. माझी बोटे शिवशिवत आहेत, असेही म्हणतो. रस्त्यावर भीक माग, उपाशी मर, मी तुला ओळखणार नाही, असे सांगून निघून जातो. मग ती आईकडे वळते आणि जे मागते त्याच्याखाली मी पेन्सिलने दोन रेघा मारल्या आहेत. हे लग्न एक महिना पुढे ढकल, म्हणते. नाही तर एक आठवडा. चार-पाच दिवसांच्या या नाटकात थोडे थांबा, असे कळवळून म्हणणारी व्यक्ती तेरा वर्षांची आहे, आणि तिला तिची आई उत्तर देते की माझ्याशी बोलू नकोस, कारण मी एक अक्षरही बोलणार नाही.

कॉलेजात हा प्रवेश मी हसत वाचला होता. थयथयाट करणारा म्हातारा मला विनोदी वाटला होता. आता माझी मुलगी ज्युलिएटच्याच वयाच्या आसपास आहे. मध्यंतरी एकदा ती काही सांगायला आली तेव्हा मी फोनवर होतो आणि हातानेच ‘नंतर’ अशी खूण केली. तासाभराने विचारले तर म्हणाली, आता काही नाही, झाले ते. काय झाले ते मला अजून कळलेले नाही. मी काही तिला भीक मागायला सांगितले नव्हते, पण या खेपेस तो प्रवेश वाचताना हसू आले नाही, एवढे खरे.

आई निघून गेल्यावर दाई उरते. जिने लग्नाचा निरोप नेला, दोरीची शिडी आणून दिली, तीच आता पॅरिसशी लग्न करून टाक, त्याच्यापुढे रोमिओ म्हणजे पोतेरे, असा सल्ला देते. तू माझे फार छान समाधान केलेस, असे ज्युलिएट तिला म्हणते आणि त्या क्षणापासून तिच्याशी मनातले बोलणे बंद करते. आता विचारायला माणूस उरला तो फक्त फ्रायर.

फ्रायरपुढे या वेळी सरळ वाट मोकळी होती. हिचे लग्न झालेले आहे, मीच लावले आहे, दुसरे लावता येणार नाही, एवढेच त्याने कॅप्युलेटला जाऊन सांगायचे होते. गहजब झाला असता, कदाचित त्याच्या अंगावर शेकले असते, पण कोणाला मरण्याची गरज पडली नसती. गुरुवारचे लग्न ऐकून पॅरिसला तो म्हणतोसुद्धा की वेळ फारच थोडा आहे. आणि मग खरे बोलण्याऐवजी तो मुलीच्या हातात कुपी देतो. हे प्यायलीस की बेचाळीस तास मेल्यासारखी पडशील. बुधवारी रात्री घे. तोवर मी रोमिओला कळवतो.

ज्युलिएट घरी परतते आणि ठरल्याप्रमाणे बापाची क्षमा मागून लग्नाला तयार असल्याचे दाखवते. कॅप्युलेटला इतका आनंद होतो की तो लग्न बुधवारी सकाळीच ठेवतो. बायको सांगते की गुरुवारपर्यंत वेळ आहे, सामानसुमान पुरे पडणार नाही, रात्र व्हायला आली. पण ऐकतो कोण. आदल्या दिवशी, टिबाल्ट नुकताच गेला आहे तेव्हा पाच-सहा माणसे बोलवू, असे म्हणणारा हाच गृहस्थ वीस आचारी बोलवायला नोकर पिटाळतो आणि आज घरची गृहिणी मीच, असे म्हणत रात्रभर जागतो. बाशिंग नवऱ्याने नाही, वधूच्या बापाने गुडघ्याला बांधले आहे. फ्रायरने बेतलेल्या हिशेबातून त्या खुशीच्या भरात एक अख्खा दिवस गळून पडला.

कुपी तोंडाला लावण्यापूर्वी ज्युलिएट एकटी असते. तिच्या त्या स्वगताला अविचार म्हणणाऱ्याने ते एकदा मोठ्याने वाचून पाहावे. औषधाने कामच केले नाही तर काय? उशाशी खंजीर ठेवते. हे विषच असेल तर, आपण लावलेले लग्न लपवण्यासाठी फ्रायरनेच दिलेले? मग विचार करून ती शंका बाजूला सारते. रोमिओ येण्याआधीच मला जाग आली तर, त्या कोंदट तळघरात, पूर्वजांच्या हाडांमध्ये, नुकत्याच पुरलेल्या टिबाल्टच्या शेजारी? ही शंका ती दूर करू शकत नाही आणि तरीही पिते. रोमिओ येण्याआधी आपण जागे होऊ याची भीती वाटलेल्या मुलीच्या वाट्याला नेमके उलटे येते, ती जागी होण्याआधी रोमिओ येतो. हा धोका तिला दिसला नाही, हा तिचा दोष मानायला मी तयार नाही.

पत्राची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, पण तिच्यातला एक तपशील या वाचनात पहिल्यांदाच माझ्या ध्यानात आला. रोमिओला हद्दपार होताना फ्रायरने शब्द दिला होता की तुझ्याच नोकराला मी शोधून काढीन आणि इकडची प्रत्येक चांगली बातमी त्याच्याकडून मँटुआला पोहोचवीन. तो नोकर म्हणजे बाल्थासार. आणीबाणीची वेळ आली तेव्हा फ्रायरने पत्र दिले ते मात्र आपल्या मठातल्या फ्रायर जॉनकडे. फ्रायर जॉन सोबतीला दुसरा साधू शोधायला गेला, तो आजाऱ्यांना भेटत होता, प्लेगचा संशय येऊन शहराच्या तपासनिसांनी ते घर दोघांसकट बाहेरून बंद केले, आणि संसर्गाच्या भीतीने ते पत्र परत नेऊन द्यायलाही कोणी मिळेना. हा निव्वळ योगायोग म्हणून टीका करणारे आहेत, पण लंडनची नाट्यगृहे १५९२ ते १५९४ च्या दरम्यान प्लेगमुळे बराच काळ बंद होती, आणि हे नाटक त्यानंतर लवकरच लिहिले गेले असे मानतात. बंद केलेल्या दारांची कल्पना त्या प्रेक्षकांना समजावून सांगावी लागली नसावी. प्लेगला दोष द्यायचा तर द्यावा. इकडे बाल्थासार, ज्याच्याशी खरी गोष्ट कोणी बोललेच नाही, त्याने ज्युलिएटला तळघरात ठेवताना डोळ्यांनी पाहिले आणि निष्ठेने, घोडा पिटाळत, खोटी बातमी वेळेवर पोहोचवली.

मँटुआतला तो प्रवेश मी तीनदा वाचला. ज्युलिएट गेली, हे ऐकल्यावर रोमिओ ताऱ्यांना आव्हान देतो, कागद आणि शाई आणायला सांगतो, घोडे भाड्याने घ्यायला सांगतो. नोकर विनवतो, मालक, थोडा धीर धरा, तुमचा चेहरा पांढराफटक पडला आहे. रोमिओ म्हणतो, तुझी समजूत चुकीची आहे, आणि मग एकाएकी विचारतो: फ्रायरकडून माझ्यासाठी पत्र नाही का? नाही, मालक. असू दे, तू नीघ.

म्हणजे प्रश्न त्याला सुचला होता. फ्रायरकडून पत्र यायला हवे, पत्नी वारली असेल तर निदान त्याचे तरी चार शब्द यायलाच हवेत, हे त्याला बरोबर कळले होते. पत्र नाही, या उत्तराचा अर्थ काय, हे तो एक श्वासभर थांबून स्वतःला विचारता तर नाटक पाचव्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात वेगळ्या दिशेला वळले असते. ‘असू दे’ हे दोन शब्द मला त्याने नंतर घेतलेल्या विषाहून जहाल वाटतात. विष तरी त्याला विकत घ्यावे लागले: मँटुआत ते विकणाऱ्याला देहान्ताची शिक्षा होती, तरी गालफडे बसलेला तो भुकेकंगाल औषधविक्या चाळीस डुकाटांवर राजी झाला, माझी इच्छा नाही, माझी गरिबी होकार देते आहे, असे म्हणत.

थडग्यापाशी हीच गोष्ट आणखी दोनदा घडते. अंधारात आडवा आलेल्या माणसाला रोमिओ ठार करतो, मग मशालीच्या उजेडात चेहरा पाहतो तर तो पॅरिस. आणि तेव्हा त्याला अर्धवट आठवते की येताना घोड्यावर नोकर काहीतरी सांगत होता, पॅरिसचे ज्युलिएटशी लग्न व्हायचे होते असे काहीसे. की मला तसे स्वप्न पडले? रस्ताभर बाल्थासार बोलत होता आणि याने ऐकले नव्हते. पॅरिसचा खून ब्रुकच्या कवितेत नाही, तो शेक्सपिअरने घातला आहे.

दुसरी वेळ अधिक जवळची आहे. रोमिओ ज्युलिएटचा चेहरा न्याहाळतो आणि स्पष्ट म्हणतो की ओठांवर आणि गालांवर अजून लाली आहे, मृत्यूचा फिकट झेंडा इथवर पोहोचलेला नाही. पुढे विचारतो, तू अजून इतकी सुंदर का आहेस? या प्रश्नाचे खरे उत्तर त्याच्या हाताखाली ऊबदार होऊ लागलेले असते. तो मात्र स्वतःच एक काव्यमय उत्तर देऊन टाकतो, की मृत्यूच तुझ्या प्रेमात पडला असावा आणि त्याने तुला आपल्यासाठी राखून ठेवले असावे, आणि त्या कल्पनेवर विष पिऊन टाकतो. इतकी सुंदर ओळ इतक्या चुकीच्या जागी खर्ची पडलेली मी दुसरीकडे वाचलेली नाही.

क्षणभराने फ्रायर धावत येतो. आज रात्री किती वेळा माझे म्हातारे पाय थडग्यांना ठेचकाळले, म्हणतो. पळणारे ठेचकाळतात, असे त्यानेच सांगितले होते. ज्युलिएट जागी होते, कुठे असायला हवे ते तिला नीट आठवत असते, ती फक्त विचारते की माझा नवरा कुठे आहे. फ्रायर म्हणतो, चल, तुला जोगिणींच्या मठात ठेवतो. प्रश्न विचारत थांबू नकोस, पहारेकरी येत आहेत. आणि पळून जातो. प्रश्न विचारत थांबू नकोस, या वाक्यापुढे मी समासात वेळ लिहिली नाही, कारण आता मोजण्यासारखे काही उरले नव्हते.

हा शेवट अनेकांना सहन झालेला नाही. दा पोर्तो आणि बांदेल्लोच्या कथांमध्ये रोमिओने विष घेतल्यानंतर, पण तो मरण्यापूर्वी, मुलगी जागी होते आणि दोघे बोलतात. १७४८ मध्ये डेव्हिड गॅरिक या नटाने लंडनच्या रंगभूमीवर शेक्सपिअरचेच नाटक आणताना तो प्रवेश पुन्हा घातला, आणि लोकांना तो फार आवडला. आवडणारच. तिथे निदान एकमेकांना विचारायला आणि उत्तर ऐकायला चार घटका मिळतात. शेक्सपिअरने त्या दिल्या नाहीत, आणि नाटकाच्या बाकीच्या सगळ्या प्रवेशांशी हेच सुसंगत आहे असे मला वाटते.

मग सगळे जमतात: राजा, कॅप्युलेट, रोमिओचा बाप माँटेग्यू, तोही एकटा, कारण त्याची बायको मुलाच्या हद्दपारीच्या दुःखाने त्याच रात्री वारली. पकडून आणलेला फ्रायर म्हणतो, थोडक्यात सांगतो, आणि चाळीसेक ओळी बोलतो. मंगळवारी कॅप्युलेटच्या दिवाणखान्यात यातल्या पाच ओळी पुरल्या असत्या. बाल्थासार एक पत्र पुढे करतो, रोमिओने बापाला लिहिलेले, आणि राजा ते तिथेच वाचतो. मेजवानीची यादी भलत्याने वाचली, टिबाल्टने रोमिओच्या घरी धाडलेली आव्हानाची चिठ्ठी रोमिओने वाचल्याचे कुठे दिसत नाही, फ्रायरचे पत्र बंद घरात अडकले. लिहिणारा मेल्यावर हे एक पत्र मात्र लिहिल्यापासून काही तासांत पोहोचले.

राजा मान्य करतो की तुमच्या भांडणाकडे डोळेझाक केल्याने मीही दोन नातलग गमावले. कॅप्युलेट हात पुढे करतो आणि म्हणतो, हेच माझ्या मुलीचे देणे, याहून अधिक मी मागू शकत नाही. माँटेग्यू म्हणतो, मी अधिक देऊ शकतो, तिचा सोन्याचा पुतळा उभारीन. तेवढाच मोलाचा रोमिओचाही असेल, असे कॅप्युलेट लगेच सांगतो. मुलांची प्रेते अजून जमिनीवर आहेत, पहारेकऱ्याने ज्युलिएट ऊबदार असल्याचे सांगून फार वेळ झालेला नाही, आणि पुतळ्यांचे ठरलेसुद्धा. सूर्य अजून वर आलेला नाही. राजा सगळ्यांना घरी जायला सांगतो, आणि म्हणतो, या दुःखाच्या गोष्टींविषयी आणखी बोला.